‘काळाच्या पुढचा’ म्हणजे नेमका कुणाच्या पुढचा?

मागे आमच्या फिल्म क्लबात व्ही. शांताराम यांचा १९३७ चा ‘कुंकू’ लावला होता. हॉल कॉलेजचा, प्रोजेक्टर उसना, आणि आवाजाची जबाबदारी मंडपवाल्याच्या पोराकडे. सिनेमा सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटं झाली असतील, तोच तो पोरगा वाकत वाकत माझ्याजवळ आला आणि कानाशी लागून म्हणाला, “सर, म्युझिकचा ट्रॅक गेलाय बहुतेक. नुसतं बोलणंच येतंय.” त्या नादात त्याने आवाज इतका चढवला होता की घड्याळाची टिकटिक हॉलभर हातोड्यासारखी पडत होती. ट्रॅक गेलेला नाही, मुळात नाहीच, असं त्याला सांगितलं. त्याला ते पटलं नाही. शेवटपर्यंत तो वायरी हलवून बघत होता.

मग चर्चा. पहिले उठले ते एक निवृत्त प्राध्यापक. म्हणाले, “हा चित्रपट काळाच्या कितीतरी पुढचा होता.” टाळ्या. दुसरे वक्तेही तेच म्हणाले, फक्त ‘कितीतरी’च्या जागी ‘पन्नास वर्षं’ घालून. तिसऱ्या बाई म्हणाल्या, “आणि आजही किती लागू पडतो!” तेवढ्यात चहा आला. घरी जाताना माझ्या मनात येत होतं, की आज हॉलमध्ये सिनेमाकडे खरं लक्ष कुणाचं होतं तर त्या मंडपवाल्याच्या पोराचं. आपण नेहमी ऐकतो त्यापेक्षा काहीतरी निराळं चाललंय, हे निदान त्याला ऐकू आलं होतं.

प्राध्यापकांना हसायचा मला काडीचा अधिकार नाही. त्या कार्यक्रमाचं पोस्टर मीच लिहिलं होतं, आणि त्यावर ठळक अक्षरांत होतं, ‘काळाच्या पुढचा एक बंडखोर चित्रपट’. पोरं यायला हवीत तर असं काहीतरी लिहावं लागतं, अशी माझी समजूत. पोरं आलीही. पण त्या दिवसापासून हे दोन शब्द मला खड्यासारखे लागायला लागले आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं, की जुन्या चित्रपटांबद्दल आपण मराठीत जे कौतुक करतो, त्यात हे सर्वांत आळशी आणि सर्वांत खोटं कौतुक आहे. त्यात त्या चित्रपटाचं काहीच नसतं. असते ती आपलीच पाठ, आपणच थोपटलेली.

बघा ना. काळाच्या पुढचा म्हणजे कुठवर पुढचा? आपल्यापर्यंत. शांतारामबापू १९३७ साली जिथे पोचले होते, तिथे आपण आज उभे आहोत, असं या वाक्यात न बोलता गृहीत धरलेलं असतं. गेलेल्या माणसाला प्रमाणपत्र द्यायचं, आणि त्यावर सही मात्र आपल्या आजच्या शहाणपणाची.

हिशेब मांडूनच पाहू. ‘कुंकू’ची गोष्ट आहे जरठ-कुमारी विवाहाची. म्हाताऱ्या, बिजवर वकिलाशी, काकासाहेबांशी, फसवून लग्न लावून दिलेली नीरा हे लग्न मानायला नकार देते. गोष्ट ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. आता हा विषय १९३७ साली नवा होता का? देवलांचं ‘संगीत शारदा’ रंगभूमीवर आलं १८९९ साली. म्हणजे ‘कुंकू’ पाहायला आलेल्या प्रेक्षकाच्या आईनेही म्हाताऱ्या नवरदेवाची टिंगल करणारी पदं ऐकलेली होती. लग्नाचं किमान वय ठरवणारा सारडा कायदा झाला १९२९ साली. आणि नवऱ्याकडे नांदायला ठाम नकार देणारी बाई? रखमाबाईंचा खटला मुंबईच्या हायकोर्टात उभा राहिला तो १८८४ मध्ये. नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा, असं १८८७ साली कोर्टाने सांगितल्यावर तुरुंग पत्करते म्हणणारी ती बाई. त्याच्याही आधी, १८८२ साली, ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली. ती आज वाचताना हाताला चटके बसतात. तेव्हा काळाची फूटपट्टीच लावायची म्हटली, तर ‘कुंकू’ रखमाबाईंच्या पन्नास वर्षं मागे आहे.

यात ‘कुंकू’चा काहीच कमीपणा नाही. उलट तो चित्रपट आपल्या काळाच्या अगदी मधोमध उभा होता, म्हणून तो चालला आणि झोंबला. समोर बसलेल्या माणसांच्या घरात जे चाललं होतं तेच पडद्यावर होतं. काकासाहेब कुणी राक्षस नाहीत. शिकलेले, सुधारकी वळणाचे, समाजकार्य करणाऱ्या मुलीचे वडील आहेत. (ती मुलगी झाल्या आहेत शकुंतला परांजपे. रँग्लर परांजप्यांची ही लेक संततिनियमनाचं काम करायची, हे त्या वेळच्या पुणेकर प्रेक्षकाला माहीत असणार. त्या पडद्यावर आल्या की एक जादा अर्थ आपोआप आत येत असेल, आपल्याला तो टिपणांतून शोधावा लागतो.) सुधारणेवर बोलणारा माणूस स्वतःच्या घरात मुलीच्या वयाची बायको आणतो, ही तेव्हाच्या मराठी मध्यमवर्गाची नेमकी दुखरी जागा होती. या जागेवर बोट ठेवायला काळाच्या पुढे जायची गरज नव्हती. डोळे उघडे ठेवून आपल्याच गल्लीतून चालणं पुरे होतं.

मग ‘कुंकू’त नवं काय होतं? जे त्या मंडपवाल्याच्या पोराला बिघाड वाटलं, ते. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ आला मार्च १९३१ मध्ये. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, बोलपटाला गाण्याबजावण्याचं वेड लागलेलं असताना, शांतारामबापू आणि संगीतकार केशवराव भोळे ठरवतात की पार्श्वसंगीत नको. दृश्यात जे वाजेल तेवढंच ऐकू येईल. घड्याळ वाजेल, भांडं पडेल, पावलं वाजतील, दार लागेल. नीराला गायचं असेल तर ती ग्रामोफोनवर तबकडी लावते आणि त्या साथीवर गाते. लाँगफेलोची इंग्रजी कवितासुद्धा ती गाते, आणि ऐकायला विचित्र वाटलं तरी ते विचित्र वाटणंच तिथे बरोबर बसतं. त्या घरात तिच्या आवाजाला साथ देणारं माणूस नाही. एक यंत्र आहे तेवढं.

या एका निर्णयाचे परिणाम बघत बसलं तर अख्खी संध्याकाळ जाईल. पार्श्वसंगीत प्रेक्षकाला सांगत असतं की आता रडा, आता घाबरा, आता हिची बाजू घ्या. ते काढून टाकलं की घरातली शांतताच अंगावर येते. नको असलेल्या नवऱ्याबरोबर एका छपराखाली राहणं म्हणजे काय, ते संवादातून कळत नाही, दोन संवादांच्या मधल्या टिकटिकीतून कळतं. तीच टिकटिक काकासाहेबांनाही ऐकू येत असते, पण तिचा त्यांच्यासाठी अर्थ निराळा. त्यांचं वय सरतंय. मिशीला कलप लावणारा तो माणूस आणि फुटलेल्या आरशाच्या तुकड्यातुकड्यातून त्यालाच हसणारं त्याचं तोंड. आरशाची युक्ती आज थोडी ढोबळ वाटते, मला तरी वाटते. घड्याळ मात्र अजून चालतंय.

‘काळाच्या पुढचा’ म्हणणाऱ्याला यातलं काहीच सांगावं लागत नाही. त्याला विषय पुरतो. आपल्याकडचं चित्रपटावरचं बरंचसं लिखाण हे गोष्ट सांगून, तिच्यातला संदेश काढून, शेवटी अभिनयाला ‘अप्रतिम’ आणि संगीताला ‘सुमधुर’ म्हणून उठणारं आहे. कादंबरीचं परीक्षण करावं तसं सिनेमाचं करायचं, फक्त पानांऐवजी रिळं. मग ‘न पटणारी गोष्ट’ ही कादंबरी आणि ‘कुंकू’ हा चित्रपट यांत फरक काय उरला?

या शब्दाचा दुसरा तोटा जास्त गंभीर आहे. एकदा चित्रपटाला पुढचा म्हटलं की तो कुठे मागे पडला हे बोलायची सोय राहत नाही. ‘कुंकू’चा शेवट आठवा. काकासाहेबांना पश्चात्ताप होतो, ते नीरासाठी चिठ्ठी लिहितात, तिला पुन्हा लग्न करायला सांगतात आणि जीव देतात. केशवराव दाते हा प्रसंग असा उभा करतात की हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज येतात. पण बघा काय झालं ते. दोन तास जी बाई स्वतःचा निर्णय स्वतः घेत होती, लगट करू पाहणाऱ्या सावत्र मुलाला जिने छडीने फोडून काढलं, तिची सुटका शेवटी होते ती नवऱ्याच्या मर्जीने. त्याच्या मोठेपणाने. तिने काही करायच्या आत त्यानेच केलं, आणि जाता जाता प्रेक्षकांची सगळी माया घेऊन गेला. आम्ही रडलो ते कुणासाठी? नीरासाठी नाही.

ही चित्रपटाची चूक आहे का? मला वाटतं, आहे. १९३७ साली दुसरा शेवट लोकांनी खपवून घेतला नसता, हे उत्तर मला मान्य नाही, कारण रखमाबाईंनी स्वतःच्या आयुष्यात दुसरा शेवट करून दाखवला होता. त्या पुढे डॉक्टर झाल्या. पण कुणी म्हणेल की हा शेवट म्हणजे सुधारकी पुरुषावर काढलेला सर्वांत कठोर निकाल आहे, या घरात त्याने असूच नये असा. तेही म्हणणं ऐकण्यासारखं आहे. असा वाद घालता आला तर त्याला रसग्रहण म्हणावं. टाळ्या वाजवून चहा प्यायला जाणं हे श्राद्ध झालं.

आणि काळाचं म्हणाल, तर तो पडद्यावर कमी आणि स्टुडिओच्या फाटकापाशी जास्त होता. नीरा झालेल्या शांता आपटे १९३९ साली कराराच्या भांडणावरून, ‘कुंकू’ काढणाऱ्या प्रभात फिल्म कंपनीच्या दारात उपोषणाला बसल्या. दोनच वर्षांपूर्वी ज्या संस्थेने बाईच्या नकाराला पडद्यावर डोक्यावर घेतलं, तिच्याच दारात तीच बाई नकार देत बसलेली. पुढे त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ असं पुस्तकही लिहिलं. ‘कुंकू’वर बोलताना हा प्रसंग फार थोडे लोक काढतात. प्रभातची तुतारी त्या फाटकापाशी जरा बेसूर वाजते, म्हणून असेल.

खुद्द शांतारामबापूंचंच घ्या. ‘कुंकू’ करणारा दिग्दर्शक १९७२ मध्ये ‘पिंजरा’ करतो. आदर्श गुरुजी तमाशातल्या बाईच्या नादाने रसातळाला जातात, ही ती गोष्ट. गाणी आजही हळदीला वाजतात, लागूंचं काम बघण्यासारखं आहे. पण बाईकडे बघण्याची नजर ‘कुंकू’पेक्षा किती मागची! एकच माणूस पस्तीस वर्षांत काळाच्या पुढून काळाच्या मागे कसा येतो? या फूटपट्टीने याचं उत्तर मिळत नाही. प्रभातमध्ये त्यांच्याभोवती कोण होतं, कुणाची कादंबरी होती, कोणता प्रेक्षक डोळ्यांसमोर होता, हे पाहावं लागतं.

आता या शब्दाला सपशेल तोंडघशी पाडणारा चित्रपट सांगतो. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ चा ‘संत तुकाराम’. १९३७ च्या व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली हे आपल्याला पाठ असतं. पण याला काळाच्या पुढचा कसं म्हणणार? त्यात चमत्कार आहेत, इंद्रायणीतून गाथा वर येते, शेवटी विमान येतं. म्हणून आमची सुशिक्षित मंडळी त्याला आदराने ‘भक्तिपट’ या फडताळात ठेवून देतात. माझ्या मते मराठीत आजवर याहून चांगला चित्रपट झालेला नाही, आणि तो मुळीच पुढचा नाही. तो आपल्या काळात आणि त्याही मागच्या तीन शतकांत पाय रोवून उभा आहे.

सुरुवातच ऐका. तुकाराम ‘पांडुरंग ध्यानी, पांडुरंग मनी’ म्हणतात ते स्वतःशी, साधं. तोच अभंग सालोमालो आपल्या नावावर खपवतो, ताना मारत, लोकांकडे बघत. अभंग चोरीला गेला हे आपल्याला कुणी बोलून दाखवायच्या आधी गळ्यांवरूनच कळतं. खरी भक्ती आणि तिचं प्रदर्शन यांतला फरक दिग्दर्शकांनी निव्वळ आवाजात दाखवला आहे. दामले स्वतः प्रभातचं ध्वनिमुद्रण सांभाळणारे, त्यांना हे सुचलं नसतं तरच नवल. आणि विष्णुपंत पागनीस संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करून आलेले, तरी इथे त्यांच्या गाण्यात नाटकीपणाचा मागमूस नाही. ‘आधी बीज एकले’ तर शांताराम आठवल्यांनी लिहिलेलं, पण ते गाथेतलंच म्हणून लोक शोधत राहिले. काळाच्या पुढे धावण्यापेक्षा आपल्या भाषेच्या तळाशी इतकं मिसळून जाणं कितीतरी अवघड आहे.

आणि आवली. गौरीबाईंची आवली. तिचा म्हशीवर जीव, पोरांच्या पोटाची चिंता, नवऱ्यावर राग आणि त्याहून जास्त राग त्या काळ्यावर, ज्याने तिचा संसार पळवला. पोर आजारी पडतं तेव्हा ती पायताण हातात घेऊन देवळात शिरते. आजचा समीक्षक लगेच म्हणेल, बघा, स्त्रीवादी! अहो, ती कुठल्याच वादाच्या पुढची-मागची नाही. आमच्या आज्या देवाशी अशाच भांडायच्या. चित्रपटाची ताकद अशी की तो तुकारामांना वैकुंठाला पाठवतो आणि आवलीला खोटं पाडत नाही. चुलीपाशी ती जे बोलते ते विमान येऊनही खोडलं जात नाही.

उलट ‘ब्रह्मचारी’ची काय दशा झाली पाहा. मास्टर विनायकांचा १९३८ चा चित्रपट, लेखन अत्र्यांचं. एक भाषण ऐकून ब्रह्मचर्याचं व्रत घेणाऱ्या औदुंबराची, म्हणजे त्या वेळच्या आदर्शवादी फुगवट्याचीच, त्यात यथेच्छ टर उडवलेली आहे. आज त्यातलं उरलंय काय? नायिका मीनाक्षीबाईंचा पोहण्याचा पोशाख. ‘त्या काळात केवढं धाडस!’ अत्र्यांचा विनोद कुणाला टोचत होता आणि का, हे विचारायला कुणाला वेळ नाही. पोशाख काळाच्या पुढचा निघाला, चित्रपट मागे राहिला.

‘आजही लागू पडतो’ हे या शब्दाचं जुळं भावंड. महाराष्ट्रात सरकार डळमळलं की दुसऱ्या दिवशी ‘सिंहासन’चे तुकडे मोबाइलवर फिरायला लागतात. जब्बार पटेलांचा हा १९७९ चा चित्रपट अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर, तेंडुलकरांच्या पटकथेवर उभा आहे. कामगार पुढारी, तस्कर, दुष्काळ, मंत्रालयातले कॉरिडॉर. ही सत्तरच्या दशकातली मुंबई आहे, आजची नाही. डिकास्टासारखा कामगार पुढारी आज दाखवा बरं कुठे आहे. त्याला भविष्यवाणी केलं की त्यातलं नेमकेपण पुसलं जातं. मला त्यातलं सर्वांत भेदक वाटतं ते निळू फुल्यांना दिगू टिपणीस करणं. चारच वर्षांपूर्वी ‘सामना’मध्ये हिंदूराव झालेला, एका नजरेने गाव दाबात ठेवणारा हा नट इथे काहीच करू न शकणारा वार्ताहर आहे. तो नुसता ऐकतो, वही काढतो, सगळं जाणतो. त्या वेळच्या प्रेक्षकाला हिंदूराव आठवत असणारच, म्हणून ते गप्प बसणं दुप्पट जड झालं. आजच्या तीस सेकंदांच्या तुकड्यात हे गप्प बसणं येत नाही. संवाद येतात.

‘उंबरठा’लाही (१९८२) आपण असंच पुढचा म्हणतो. खरं तर १९८० च्या सुमारास मथुरा प्रकरणावरून, म्हणजे मथुरा या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्कारावरून, बायका रस्त्यावर आल्या होत्या, स्त्रियांच्या संस्था उभ्या राहत होत्या, आणि स्मिता पाटील त्यातल्या अनेकींना ओळखत होत्या. चित्रपट त्या धगीतून निघाला. आणि त्याच ‘उंबरठा’त महिलाश्रमातल्या दोन बायकांच्या नात्याकडे तिथली अधीक्षक, स्मिता पाटीलने उभी केलेली सुलभासारखी बाईसुद्धा आजाराच्या चौकटीतूनच पाहते. हे बोललं पाहिजे. बोलल्याने स्मिता पाटीलचं काम तसूभर कमी होत नाही.

हा शब्द इतका लोकप्रिय का, याचं माझं एक रोखठोक उत्तर आहे. तो वापरायला चित्रपट पाहावा लागत नाही. ज्यांना घड्याळाची टिकटिक ऐकायची आहे त्यांना चांगली प्रत लागते, आणि आपल्याकडे खरा तुटवडा तिचाच आहे. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागून मोठा ठेवा गेला. कोठार होतं प्रभातच्याच जुन्या आवारात. जे वाचलं त्यातलंही आपण पाहतो ते बहुतेक इंटरनेटवरच्या खरखरीत नकलांवर, कोपऱ्यात कुठल्या तरी कंपनीचा शिक्का, मधूनच गाणं कापलेलं. ‘कुंकू’चं अख्खं सामर्थ्य शांततेत आहे आणि आपल्या प्रतीत त्या शांततेच्या जागी भज्यांच्या कढईसारखा आवाज आहे. जयंती-पुण्यतिथीला सभागृहं भरवण्यावर खर्च होतो, तो आवाज स्वच्छ करण्यावर व्हावा, एवढी साधी मागणीसुद्धा जोरात होत नाही, कारण कौतुकाला प्रतीची गरजच उरलेली नाही.

शाळेत शिकवा, असं सुचवायचा मोह होतो. दहावीच्या मराठीच्या पेपरात कवितेचं रसग्रहण असतं, तसं एखाद्या दृश्याचं का नसावं? पण मग आशयसौंदर्य दोन गुण, काव्यसौंदर्य दोन गुण अशी गाइडं निघतील आणि पहिलंच छापील उत्तर असेल, ‘प्रस्तुत चित्रपट काळाच्या पुढचा आहे’. तरीही करून बघावं. पाच मिनिटांचा तुकडा दाखवून मुलांना एवढंच विचारावं, की तुम्हाला काय काय ऐकू आलं?

त्या संध्याकाळी चहाच्या टेबलापाशी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने मला गाठलं. चर्चेत ती काही बोलली नव्हती. म्हणाली, “सर, ती चिठ्ठी नीराने वाचलीच नसती तर? म्हणजे ते गेले, पण पुन्हा लग्न कर असं सांगणारं कुणी नाही. मग तिने काय केलं असतं?” मी तिला म्हटलं, की मग चित्रपट जास्त चांगला झाला असता. तिला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, चिठ्ठी नसती तर लोकांनी तिलाच खुनी ठरवलं असतं, आणि शांतारामना हे माहीत होतं म्हणून त्यांनी चिठ्ठी ठेवली. आम्ही दोघंही अजून आपापल्या जागेवर आहोत. पुढच्या महिन्यात शांतारामबापूंचाच ‘माणूस’ लावतोय, पोस्टर तिलाच लिहायला दिलंय.